बॅटरी नवी, चार्जिंगही होतंय असं दिसतंय, तरी रात्रीत बॅटरी उतरते. करंट जातोय कुठे?

पाना१०:
मंडळी, जरा मदत हवी आहे. पेट्रोल गाडी आहे, बऱ्यापैकी जुनी, ४५ अँपिअर-अवरची बॅटरी. संध्याकाळी गाडी लावली तेव्हा सगळं व्यवस्थित, सकाळी चावी फिरवली की सेल्फ नुसता टकटक करतो आणि डॅशबोर्डचे दिवे मिणमिणतात. जंपर (दुसऱ्या बॅटरीवरून करंट घेणारी केबल) लावला की लगेच स्टार्ट होते, दिवसभर चालते, दुपारी दोन-तीन तास उभी राहिली तरी काही तक्रार नाही, पण रात्र गेली की पुन्हा तेच. पहिल्यांदा वाटलं बॅटरी संपली म्हणून बॅटरी बदलली, नवी बॅटरीसुद्धा तशीच उतरतेय. इंजिन चालू ठेवून टर्मिनलवर मीटर लावला तर १३.६ व्होल्ट दाखवतो, म्हणून गॅरेजवाला म्हणतो डायनामो (म्हणजे बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर) ओके आहे, वायरिंगमध्ये कुठेतरी शॉर्ट असेल, सगळं हार्नेस (वायरिंगचा जुडगा) उघडावं लागेल. मला ते आत्ताच करायचं नाहीये, आधी नीट शोधायचंय. माझ्याकडे साधा डिजिटल मल्टिमीटर आहे. कुठून सुरुवात करू?

बोनेटउघडा:
हार्नेसला हातसुद्धा लावू देऊ नका. एक करंट खाणारी जागा शोधायला अख्खी गाडी उघडायची काही गरज नसते.

सगळ्यात आधी दोन प्रश्न वेगळे करा. बॅटरी स्वतः चार्ज धरून ठेवते का, हा एक. गाडी उभी असताना करंट ओढते का, हा दुसरा. नवी बॅटरीसुद्धा खराब निघू शकते, शिवाय ती पुन्हापुन्हा पूर्ण उतरली असेल तर प्लेटवर सल्फेट बसून तिची ताकद कमी झालेली असते. तर बाहेरच्या चार्जरने बॅटरी फुल करा, मग निगेटिव्ह टर्मिनल काढून रात्रभर तशीच ठेवा आणि सकाळी मीटर लावा. १२.६ च्या वर असेल तर बॅटरी भरलेली आहे, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली गेली म्हणजे जवळपास रिकामीच समजा. चार्जर काढल्या काढल्या मोजू नका, तेव्हा वरवरचं चार्ज असतं आणि आकडा १३ च्या आसपास खोटा दिसतो. रात्रभर गेली की तो प्रश्न येत नाही.

टर्मिनल काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. आधी पॉझिटिव्ह खोलायला गेलात आणि पाना बॉडीला लागला तर ठिणगी बॅटरीच्या अगदी डोक्यावर उडते आणि तिथे हायड्रोजन असतो.

पाना१०:
केलं. सकाळी टर्मिनल सुटं असलेल्या बॅटरीवर १२.६२ आला. म्हणजे बॅटरी धरून ठेवतेय. त्याच्या आदल्या दिवशी टर्मिनल जोडलेलं होतं तेव्हा सकाळी ११.५ होता.

अजून एक, निगेटिव्हचा क्लॅम्प खोलायला गेलो तर पान्याची गरजच पडली नाही, हाताने गोल फिरत होता. नट आवळूनही पोस्टवर घट्ट बसत नाही, आतून पांढरी पावडर आहे.

जुनंचाक:
डायनामो चांगला आहे का बघायची सोपी पद्धत सांगतो, गाडी चालू करा आणि बॅटरीचं टर्मिनल काढा. गाडी चालू राहिली तर डायनामो ओके, बंद पडली तर डायनामो गेला. आमच्याकडे वर्षानुवर्षं असंच बघतात.

तांब्याची_तार:
कृपया कोणीही हे करू नका, हात जोडून सांगतो. आणि जुनंचाक दादा, तुमचा राग नाही, पण ही पद्धत त्या काळातली आहे जेव्हा गाडीत पॉइंट-कंडेन्सर आणि कार्बुरेटर होता, बिघडण्यासारखं इलेक्ट्रॉनिक काही नव्हतं. बॅटरी ही अल्टरनेटरच्या डोक्यावरचा भार असते. चालू गाडीत ती अचानक सुटली की रोटरमधलं (आत फिरणाऱ्या कॉइलमधलं) चुंबकीय क्षेत्र लगेच कमी होऊ शकत नाही, रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग) हळू पडतो, आणि त्या क्षणभरात लाईनवर व्होल्टेजचा झटका येतो, नेहमीच्या १४ च्या कितीतरी पट. त्यात ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) जातो, स्टिरिओ जातो, अल्टरनेटरच्या स्वतःच्या डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) पण जातात. आणि एवढं करून कळतं काय? काहीच नाही. अर्धवट गेलेला अल्टरनेटरसुद्धा इंजिनपुरता करंट देतो आणि गाडी चालू राहते.

पाना१०, तुमचा सैल क्लॅम्प मला म्हणूनच खटकतोय. गाडी चालताना तो क्षणभर जरी सुटत असेल तरी अल्टरनेटरला हाच झटका बसतो. तो आधी साफ करा किंवा बदला. त्यानंतर हे मोजून इथे लिहा:

इंजिन चालू, सगळं बंद असताना बॅटरीवर किती व्होल्ट. मग हेडलाईट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर असं सगळं चालू करून किती, आयडलला आणि साधारण २००० आरपीएमला. आणि मग मीटर एसी व्होल्टवर टाकून तीच टर्मिनल पुन्हा मोजा. हो, एसीवरच. काही स्वस्त मीटर डीसीवर एसी रेंज लावली की भलताच आकडा दाखवतात, म्हणून इंजिन बंद ठेवून एकदा बघा शून्याच्या जवळ येतो का, येत असेल तर मीटर विश्वासू.

नुसता १३.६ बघून डायनामो ओके म्हणणं मला पटत नाही. भार नसताना सगळेच पास होतात.

नवा_चालक:
मध्येच विचारतो माफ करा. माझी गाडी बऱ्यापैकी नवीन आहे, मीही मीटर लावला तर चालू गाडीत कधी १२.७ दाखवतो, कधी १४.५, कधी १३.२. बॅटरी कधी उतरलेली नाही. माझाही अल्टरनेटर खराब होतोय का?

तांब्याची_तार:
बहुतेक नाही. नव्या गाड्यांमध्ये अल्टरनेटर किती देणार ते ईसीयू ठरवतो. बॅटरी पुरेशी भरलेली असली आणि तुम्ही ॲक्सिलरेटर दाबलेला असला की तो चार्जिंग कमी करतो, इंजिनवरचा भार वाचवायला, आणि पाय काढला की १४.५-१५ पर्यंत नेतो म्हणजे गाडी हळू होताना फुकट मिळणारी ऊर्जा बॅटरीत जाते. निगेटिव्ह टर्मिनलवर एक छोटी डबी असेल बघा, तिला बारीक वायर गेलेली असते, तो बॅटरी सेन्सर. अशा गाडीला चार्जर किंवा जंपर लावताना काळा क्लिप बॅटरीच्या पोस्टवर न लावता बॉडीच्या किंवा इंजिनच्या धातूवर लावायचा, नाहीतर सेन्सरला कळतच नाही की बॅटरीत किती करंट गेला. तुमच्या गाडीला एकच आकडा बघून काही ठरवता येणार नाही, हेडलाईट-ब्लोअर सगळं लावून आकडा १३ च्या वर सावरतो का ते बघा आणि सावरत असेल तर निवांत राहा.

पाना१० यांची गाडी जुनी आहे, तिथे रेग्युलेटर अल्टरनेटरच्या आतच असतो आणि आकडा स्थिर हवा, १३.८ ते १४.५ च्या मध्ये कुठेतरी.

पाना१०:
नवीन क्लॅम्प बसवला, पोस्ट घासून चकचकीत केली. आता आकडे.

भार नसताना आयडलला १३.६. हेडलाईट, ब्लोअर, काचेचा हीटर लावला की १२.५ वर येतो. २००० ला नेलं तर १२.९, त्याच्या वर जात नाही. एसीवर ०.९ व्होल्ट. इंजिन बंद असताना एसीवर ०.००.

अजून एक लक्षात आलं, विचारलं नव्हतं तरी सांगतो. स्टिरिओमध्ये बारीक शिट्टीसारखा आवाज येतो आणि ॲक्सिलरेटर दिला की तो चढत जातो. मला वाटायचं स्पीकरचं काहीतरी असेल.

तांब्याची_तार:
विचारायला हवं होतं, बरं झालं सांगितलंत.

चित्र बऱ्यापैकी स्पष्ट होतंय. अल्टरनेटरमध्ये तयार होतो तो तीन फेजचा एसी, आणि सहा डायोड त्याचा डीसी करतात, तीन पॉझिटिव्हच्या बाजूला, तीन निगेटिव्हच्या. सगळ्या धड असल्या तर बॅटरीवर एसीचा अंश अगदी थोडा उरतो, ०.१ किंवा त्याहून कमी. ०.५ च्या वर गेला की डायोडवर संशय घ्यायचा. तुमचा ०.९ आहे, शिवाय भार पडला की व्होल्टेज बसतंय, शिवाय आरपीएमबरोबर चढणारी शिट्टी. तिन्ही गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवताहेत.

पण अजून अल्टरनेटर काढू नका. एक डायोड उडाली म्हणून चार्जिंग कमी पडतं हे ठीक, पण रात्रभरात बॅटरी रिकामी होते ती त्याच कारणाने की दुसऱ्या, ते सिद्ध झालं पाहिजे. नाहीतर अल्टरनेटर दुरुस्त कराल आणि सकाळी पुन्हा टकटक.

बोनेटउघडा:
हो, आता उभ्या गाडीचा करंट मोजूया. नीट सांगतो कारण इथे मीटर जळतात.

मीटरची लाल वायर १० अँपच्या भोकात टाका, व्होल्टच्या भोकात नाही, आणि डायल १० अँप डीसीवर. गाडी पूर्ण बंद, चावी काढलेली, दारं बंद. बोनेट उघडं असेल आणि बोनेटचा स्विच असेल तर त्याचं लॅच स्क्रू ड्रायव्हरने दाबून बंद करा म्हणजे गाडीला वाटेल बोनेट लागलंय. रिमोट चावी असेल तर गाडीपासून लांब ठेवा. निगेटिव्ह टर्मिनल काढा, मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह पोस्टला आणि दुसरी काढलेल्या केबलला. आता गाडीचा सगळा करंट मीटरमधून जातोय. या अवस्थेत सेल्फ मारायचा नाही, इग्निशनही ऑन करायचं नाही, हेडलाईट तर नाहीच नाही. सेल्फ शेकडो अँप ओढतो, मीटरचा फ्यूज क्षणात जाईल, आणि स्वस्त मीटर असेल तर त्या १० अँपच्या भोकाला फ्यूजच नसतो.

आकडा लगेच लिहून घेऊ नका. केबल जोडली की गाडीतली मॉड्यूल्स जागी होतात आणि काही अँप ओढतात, मग हळूहळू झोपी जातात. जुन्या गाडीत पाच-दहा मिनिटं पुरतात, नवीन गाडीत अर्धा-पाऊण तास लागू शकतो. स्थिरावल्यावर २० ते ५० मिलिअँप म्हणजे ठीक, घड्याळ, स्टिरिओची मेमरी, सेंट्रल लॉक, अलार्म एवढ्याला तेवढा लागतोच.

त्याच्या वर असेल तर एकेक फ्यूज काढून बघायचं, कुठला काढल्यावर आकडा धपकन खाली येतो. नवीन गाडीत फ्यूज उपसू नका कारण परत लावला की ते मॉड्यूल जागं होतं आणि पुन्हा वाट बघत बसावं लागतं. त्याऐवजी फ्यूजच्या पाठीवर दोन बारीक धातूचे ठिपके उघडे असतात, तिथे मिलिव्होल्टवर मीटर लावा. करंट वाहत असेल तर फ्यूजवर काहीतरी मिलिव्होल्ट दिसणार, नसेल तर शून्य. १० अँपच्या छोट्या फ्यूजवर १ मिलिव्होल्ट दिसला तर त्यातून साधारण सव्वाशे-दीडशे मिलिअँप जातोय असं धरा. ही पद्धत मला फार आवडते, काहीही न उचकता सगळा फ्यूजबॉक्स तपासून होतो.

शांत_इंजिन:
माझ्या गाडीत असंच करून सापडलं होतं, नंतर बसवलेला डॅशकॅम. पार्किंग मोड चालू होता आणि थेट बॅटरीवरून सप्लाय दिलेला. ३०० मिलिअँपच्या आसपास. ऐकायला एवढुसा वाटतो पण दिवसाला ७ अँपिअर-अवरच्या वर जातात, तीन दिवस गाडी उभी राहिली की ४५ ची बॅटरी निम्मी. रोज गाडी चालवणाऱ्याला कळतही नाही, गावाला जाऊन आला की बॅटरी बसलेली. नंतर बसवलेली कुठलीही वस्तू असेल, ट्रॅकर, ॲम्प्लिफायर, ओबीडीला (गाडी तपासायच्या सॉकेटला) लावलेलं डोंगल, तर तिच्यावर आधी संशय घ्या. बाकी नेहमीचे म्हणजे डिकीचा दिवा, ग्लव्ह बॉक्सचा दिवा, चिकटून बसलेला रिले. रिले हाताला कोमट लागतो, रात्री हात लावून बघितला की समजतो.

पाना१०:
मोजलं. पहिल्यांदा ३.६ दाखवला, पाच-सात मिनिटांत ३.२ वर आला आणि तिथेच थांबला. मिलिअँप नाही, अँप! अर्धा तास वाट बघितली, हलला नाही.

डॅशबोर्डखालचे सगळे फ्यूज एकेक करून काढले, जेमतेम १०-२० मिलिअँपचा फरक. बोनेटमधले छोटे फ्यूज आणि रिले पण काढले, ३.२ तसाच. म्हणजे कुठल्याच फ्यूजमागे नाही. आता गॅरेजवाल्याचंच खरं वाटायला लागलंय, हार्नेसमध्ये कुठेतरी वायर घासली असेल का?

तांब्याची_तार:
३.२ अँप म्हणजे दहा तासांत ३२ अँपिअर-अवर. बॅटरी ४५ ची, आणि दिवसा चार्जिंग अर्धवट म्हणून संध्याकाळी ती फुल नसणारच. हिशोब तंतोतंत जमतो. आणि दुपारी दोन-तीन तासांनी गाडी का सुरू होते तेही कळलं, तेवढ्यात दहाएक अँपिअर-अवरच जातात.

आता विचार करा, कुठली जाड वायर आहे जी छोट्या फ्यूजमधून न जाता थेट बॅटरीला जोडलेली असते? दोनच. सेल्फची आणि अल्टरनेटरच्या बी प्लसची (जिथून त्याचा करंट बॅटरीकडे जातो ते टोक). बी प्लसच्या वायरला मोठा फ्यूज किंवा फ्युजिबल लिंक (फ्यूजचंच काम करणारा वायरचा तुकडा) असते, बोल्टने आवळलेली, ती तुम्ही काढली नसणार.

वायर घासून बॉडीला लागली तर ३ अँपवर थांबत नाही हो, धूर येतो.

जुनंचाक:
एक विचारू का. चावी काढल्यावर डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा पूर्ण विझतो का? उजेडात कळणार नाही, अंधारात काचेला हात लावून झाकून बघा. आणि चावी नुसती ऑन केली, सेल्फ न मारता, तर तो दिवा लागतो का तेही बघा.

पाना१०:
काका, तुम्ही कसं ओळखलंत! चावी काढून अंधारात बसलो तर बॅटरीचा दिवा मंद लाल दिसतोय. आणि चावी ऑन केली की ऑइलचा दिवा लागतो, हँडब्रेकचा लागतो, पण बॅटरीचा लागतच नाही. बरोबर उलटं. मला वाटायचं गाडी चालू असताना दिवा लागत नाही म्हणजे चार्जिंग चांगलं.

जुनंचाक:
पॉझिटिव्ह बाजूची डायोड शॉर्ट झालीय. मी आयुष्यभर हा दिवा बघूनच सांगत आलो, आत नक्की काय होतं ते तांब्याची_तार जास्त नीट सांगतील.

तांब्याची_तार:
हे निदान फार सुंदर आहे, मला हे सुचायला हवं होतं त्याआधी काकांनी विचारलं. सविस्तर लिहितो कारण इतरांना उपयोग होईल.

जुन्या डीसी डायनामोच्या गाडीत कटआऊट नावाचा एक रिले असायचा. डायनामोचं व्होल्टेज बॅटरीपेक्षा कमी झालं की तो सुटायचा, म्हणजे बॅटरीतला करंट उलटा डायनामोत जायचा नाही. अल्टरनेटर आल्यावर कटआऊट गेला कारण ते काम डायोड आपोआप करतात, करंट एकाच दिशेने जाऊ देतात. म्हणजे बी प्लसची जाड वायर रात्रंदिवस बॅटरीला थेट जोडलेली असते आणि बॅटरी आणि अल्टरनेटरच्या मध्ये फक्त डायोडचा पहारा असतो.

आता पाना१० यांच्या प्रकारच्या अल्टरनेटरमध्ये सहा मोठ्या डायोडशिवाय तीन छोट्या डायोड असतात. त्या स्टेटरमधून (रोटरभोवतीच्या स्थिर कॉइलमधून) करंट घेऊन डी प्लस नावाच्या टोकाला देतात, आणि तिथून रेग्युलेटर, कार्बन (ब्रश), स्लिप रिंग (कार्बन ज्यांवर घासतात त्या रोटरवरच्या कड्या) असा तो रोटरच्या कॉइलला जातो. डॅशबोर्डचा दिवासुद्धा याच डी प्लसला जोडलेला असतो. चावी ऑन केली की दिव्याच्या एका बाजूला बॅटरीचे १२ व्होल्ट, दुसऱ्या बाजूला डी प्लस, जो रोटरमधून जवळपास अर्थला गेलेला, म्हणून दिवा लागतो, आणि त्यातून जाणारा थोडा करंट रोटरला पहिलं चुंबकत्व देतो. इंजिन सुरू झालं की डी प्लसलाही १४ येतात, दोन्ही बाजू सारख्या, दिवा विझतो.

पॉझिटिव्ह बाजूची एक मोठी डायोड शॉर्ट झाली की बॅटरीचा करंट उलटा स्टेटरमध्ये शिरतो, तिथून छोट्या डायोडमधून डी प्लसला, तिथून रेग्युलेटरला. रेग्युलेटर बघतो की व्होल्टेज १४ पेक्षा कमी आहे, मग तो रोटर पूर्ण चालू करतो, त्याचं कामच ते. रोटरची कॉइल असते साधारण ३ ओहमची. म्हणून ३.२ अँप. इंजिन बंद, चावी खिशात, आणि रोटर रात्रभर चालू!

दिव्याचं उलटं वागणंही यातच आलं. चावी ऑन केली की डी प्लसला आधीच साडेअकराच्या आसपास व्होल्ट आहेत, दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या, दिवा लागत नाही. चावी काढली की इग्निशनची लाईन मेली, मग करंट डी प्लसकडून दिव्यातून मागे इग्निशनच्या इतर उपकरणांमध्ये उतरतो आणि दिवा मंद लागतो. नवीन गाड्यांत हा दिवा क्लस्टरचा कॉम्प्युटर चालवतो, तिथे ही खूण चालणार नाही.

खात्री करायची असेल तर गाडी बंद असताना एक लोखंडी स्क्रू ड्रायव्हर अल्टरनेटरच्या मागच्या बेअरिंगच्या टोपीजवळ न्या. रोटर चालू असेल तर तो ओढला जाईल. थोडंसं चुंबकत्व नेहमीच शिल्लक असतं, पण ही ओढ हाताला स्पष्ट जाणवते.

पाना१०:
स्क्रू ड्रायव्हर चिकटला. अल्टरनेटर हाताला कोमट पण लागतोय, गाडी सकाळपासून बंद आहे.

मग निगेटिव्ह काढून बी प्लसचा नट सोडवला, थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) बाजूला घेऊन टेपने नीट गुंडाळलं, बारीक सॉकेटही काढलं, निगेटिव्ह परत मीटरमधून जोडला. ३० मिलिअँप!!! डॅशबोर्डचा लाल दिवा पण गेला.

आता पुढे काय, पूर्ण अल्टरनेटर बदलायचा की नुसती डायोड प्लेट मिळते?

बोनेटउघडा:
बऱ्याच अल्टरनेटरची डायोड प्लेट सुटी मिळते. पण उघडलाच आहे तर बाकी तपासून मग ठरवा. रोटरच्या दोन स्लिप रिंगमध्ये ओहम मोजा, ३ च्या आसपास हवेत, आणि रिंग ते शाफ्ट काहीच कनेक्शन नको. रिंगवर कार्बनने खाच पाडली असेल तर ती विचारात घ्या. कार्बन बाहेर ५ मिलिमीटरच्या आसपास किंवा कमी उरले असतील तर तेही बदला. बेअरिंग हाताने फिरवा, खरखर नको. स्टेटरची तार काळी पडून जळका वास येत असेल तर मात्र प्लेट बदलून पैसे घालवू नका, पूर्ण अल्टरनेटर घ्या.

डायोड तपासताना स्टेटरच्या तारांचं सोल्डरिंग प्लेटवरून सोडवा. जोडलेल्या ठेवल्या तर तिन्ही फेज आतून एकमेकांना मिळालेले असतात आणि एक शॉर्ट असली तरी तिन्ही शॉर्ट दिसतात. मीटर डायोडच्या खुणेवर, एका बाजूने ०.४ ते ०.७, पिना उलट केल्या की काहीच नाही. दोन्ही बाजूंनी शून्य आली ती शॉर्ट, दोन्ही बाजूंनी काहीच नाही आलं ती उघडी.

पाना१०:
ऑटो इलेक्ट्रिशियनकडे बसून समोर करून घेतलं. एक पॉझिटिव्ह डायोड दोन्ही बाजूंनी ०.००, बाकी पाच ठीक, छोट्या तिन्ही ठीक. रोटर ३.१ ओहम. डायोड प्लेट नवीन, कार्बन नवीन, मागचं बेअरिंग थोडं वाजत होतं म्हणून तेही बदललं. बसवल्यावर आकडे: भार नसताना १४.२, सगळं लावून आयडलला १३.७, २००० ला १४.०. एसीवर ०.०४. उभ्या गाडीचा करंट ३१ मिलिअँप. स्टिरिओची शिट्टी गेली.

नवा_चालक:
पण डायोड मुळात गेली कशामुळे? एवढं करून परत गेली तर?

तांब्याची_तार:
मला सैल क्लॅम्पच कारणीभूत वाटतो, खड्ड्यात क्षणभर सुटायचा आणि प्रत्येक वेळी डायोडला झटका. नंतर रोज उतरलेली बॅटरी अल्टरनेटरकडून भरून घेणं, हेही डायोडला तापवतं. अल्टरनेटर हा भरलेली बॅटरी भरलेली ठेवायला असतो, पूर्ण रिकामी बॅटरी भरायला लागली की तो बराच वेळ पूर्ण ताकदीने तापत राहतो. जंपर उलटा लावला तर डायोड जागच्या जागी जातात, तो प्रकार इथे नाही.

पाना१०, अजून दोन मोजणी करून टाका. सगळा भार लावून, इंजिन २००० ला, मीटर डीसी व्होल्टवर, एक पिन अल्टरनेटरच्या बी प्लसच्या बोल्टवर आणि दुसरी बॅटरीच्या पॉझिटिव्ह पोस्टवर. ०.३ च्या आत हवं. मग एक पिन अल्टरनेटरच्या बॉडीवर, दुसरी निगेटिव्ह पोस्टवर, ०.२ च्या आत. जास्त आलं तर त्या वाटेत कुठेतरी गंज किंवा सैल जोड आहे, इंजिन ते बॉडीची अर्थिंगची पट्टी बहुतेक वेळा.

पाना१०:
पॉझिटिव्हला ०.११. निगेटिव्हला ०.३४ आलं. इंजिन ते बॉडीची पट्टी काढली तर बोल्टखाली हिरवट थर आणि निम्म्या तारा तुटलेल्या. नवीन पट्टी लावली, दोन्ही टोकांना रंग खरवडून, आता ०.०५. आता सकाळी सेल्फ पूर्वीपेक्षा जोरात फिरतो.

बॅटरी एवढ्या वेळा पूर्ण उतरली, ती आता वापरावी का?

बोनेटउघडा:
बाहेरच्या चार्जरने सावकाश भरा, क्षमतेच्या दहाव्या भागाने, म्हणजे तुमच्या ४५ च्या बॅटरीला साडेचार अँपच्या आसपास. मग रात्रभर सुटी ठेवून मोजा आणि सकाळी सेल्फ मारताना कोणालातरी टर्मिनलवर मीटर धरायला सांगा. सेल्फ फिरत असताना ९.६ च्या खाली जात नसेल आणि सुटी असताना १२.६ धरत असेल तर वापरा. खाली जात असेल तर बॅटरीच्या दुकानात लोड टेस्ट करून घ्या, तोपर्यंत नवीन घेऊ नका.